शेकोटीपाशी साक्ष

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



१८९३ साली पुण्यात एका दारावरून वाद पेटला. शारदा सदन या विधवांच्या शाळेतलं हे दार. शाळा चालवणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्या खोलीत मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन प्रार्थना करीत. दार उघडं असे. शाळेतल्या काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. रमाबाई त्यांना बोलावत नसत आणि घालवूनही देत नसत. शाळेचा पैसा अमेरिकेतून, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येई. शाळेत कुठल्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, या शब्दावर ती उभी होती. मग उघडं दार ही शिकवण झाली की नाही? दार लावून घ्या, असं हितचिंतकांचं म्हणणं. रमाबाई म्हणत, आपल्या देवाची प्रार्थना मी चोरून करणार नाही.

ज्यांच्या स्मरणासाठी आपण आज जमलो आहोत, त्या सरांनी हा प्रसंग आम्हाला अकरावीच्या वर्गात सांगितला आणि वर्गाचे दोन गट पाडले. वर्गात मी एकटाच ख्रिस्ती. सरांनी मला रमाबाईंच्या विरुद्ध बाजू दिली, म्हणजे टिळकांच्या 'केसरी'ची. मला राग आला. मी उभा राहिलो आणि मुद्दाम लेचंपेचं बोललो, म्हणजे माझी बाजू पडेल. ती पडलीच. तास संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. "हरलास त्याचं काही नाही," ते म्हणाले. "टिळकांचं म्हणणं तू मुद्दाम वाकडं करून मांडलंस. उद्या सरळ करून, लिहून आण." त्या रात्री मी दोन पानं लिहिली. आज मी जे बोलणार आहे ती त्या दोन पानांचीच पुढची पानं आहेत.

मराठीत 'साक्ष' हा शब्द दोन जागी हमखास ऐकू येतो. एक कोर्टात आणि दुसरा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. रविवारच्या उपासनेत एखादी बाई किंवा बाप्या उठून म्हणतो, मला साक्ष द्यायची आहे. मग आजारपण, दारू, भावाभावांतलं भांडण, त्यातून देवाने कसं काढलं, ते सांगतो. कोर्टातला साक्षीदार दुसऱ्याबद्दल सांगतो, मंडळीतला स्वतःबद्दल. दोघांनाही जे पाहिलं, भोगलं तेवढंच सांगायची मुभा. दहा आज्ञांमधली खोट्या साक्षीची आज्ञा मुळात 'शेजाऱ्याविरुद्ध' खोटी साक्ष देऊ नये अशी आहे, आणि शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून उत्तर दिलं. ज्याच्याशी आपलं पटत नाही, ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, तो शेजारी. म्हणजे वादात समोर उभा असलेला माणूस या आज्ञेतून सुटत नाही. आपल्या बाजूचा म्हणून कुणाला सवलतही मिळत नाही.

पण खोट्याची जी गोष्ट ख्रिस्ती माणसाने रोज आठवावी, ती कोर्टातली नाहीच. ती शेकोटीपाशी घडते. येशूला पकडून प्रमुख याजकाच्या वाड्यात नेलं आहे. अंगणात नोकरचाकर शेकत बसले आहेत. येशूचा शिष्य पेत्र त्यांच्यात जाऊन हात शेकतो. एक दासी त्याच्याकडे बघून म्हणते, तूही त्याच्याबरोबरचाच. पेत्र नाही म्हणतो, आणि असं तीन वेळा होतं. त्याच्या गळ्याशी कुणी तलवार लावली नव्हती. प्रश्न विचारणारी एक दासी होती. पेत्राला थंडी वाजत होती आणि त्या घोळक्यातून उठून अंधारात जायची त्याची तयारी नव्हती. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. ती लिहिली जात होती तेव्हा पेत्राचं नाव मंडळीत सगळ्यात मोठं होतं. पुढाऱ्याची लाज झाकायची म्हणून ती गाळता आली असती. कुणीही गाळली नाही. माझ्या श्रद्धेच्या पायातच ही कबुली बसवलेली आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

सार्वजनिक वादात माणूस खोटं बोलतो ते बहुतेक वेळा शत्रूच्या भीतीने बोलत नाही. आपल्याच शेकोटीपासून उठावं लागेल, या भीतीने बोलतो. म्हणून एखाद्याचा प्रामाणिकपणा पाहायचा तर तो विरोधकांना काय बोलला ते मी आधी पाहत नाही. ज्यांच्या पैशावर, ज्यांच्या मायेवर, ज्यांच्या सत्तेच्या आडोशाला तो उभा आहे त्यांना तो काय बोलला, ते पाहतो. रमाबाईंचं चरित्र मी असं वाचलं आहे.

पहिली शेकोटी इंग्लंडमधली. १८८२ सालच्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. मांडीवर तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात म्हणून साक्ष दिली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. निघताना आपण धर्म बदलणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. ही गोष्ट आमचे लोक सांगायला कचरतात. मी सांगतो, कारण ती खरी आहे. वाँटेज इथल्या सेंट मेरी मठात त्या राहिल्या. भारतात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहणं-जेवण, असा ठराव होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. तो धक्का ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढे काय होईल, असं कुणालाही वाटलं असतं? परमुलूख, विधवा, वय पंचविशीचं, पोटाला दुसऱ्यांचं अन्न. अशा बाईने मान खाली घालून राहावं, हीच मठाची अपेक्षा. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्यावर रमाबाईंचा फार जीव. मुलीची आजी मानून त्या त्यांना 'आजीबाई' म्हणत. आणि याच आजीबाईंना त्यांनी पत्रामागून पत्रं लिहिली, की त्र्यैक्याचं मत मला पटलेलं नाही, ते शास्त्रात कुठे सांगितलंय ते दाखवा. कुमारीपासून जन्माबद्दल त्यांना शंका होत्या. चमत्कारांबद्दल होत्या. मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवीन, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. भारतात जाणाऱ्या क्रुसावर लॅटिन मजकूर कशाला, संस्कृत का नको, असं विचारलं. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा गर्व दिसला, तरी रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवायची संधी आली तेव्हा मुलग्यांना आणि पुरुषांना शिकवू नये, असं मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचं मत पडलं. त्यावर रमाबाईंनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की एका पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, ते लगेच दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नाही.

बाप्तिस्मा घेतलेल्या बाईने ही वाक्यं बिशपांच्या पदरच्या माणसांना लिहिली, हे नीट लक्षात घ्या. शेवटच्या माघारीची वाटही उरली नव्हती. पुणं तुटलेलं होतंच.

जेराल्डीनबाईंबद्दलही एक गोष्ट इथे सांगायला हवी. ही पत्रं त्यांनीच जपली आणि संकलित केली. ज्या पत्रांत त्यांची बाजू पडते तीसुद्धा त्यांनी काढून टाकली नाहीत. म्हणूनच १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला तो पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापता आला. त्या बाई हटवादी होत्या, शिष्येवर हक्क सांगत होत्या, आणि तरी त्यांनी विरुद्ध पुरावा नष्ट केला नाही. सरांनी मला 'केसरी'ची बाजू का दिली, ते मला या पत्रांपाशी उमगलं.

दुसरी शेकोटी अमेरिकेची, आणि ती भरपूर ऊब देणारी होती. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानासाठी रमाबाई तिकडे गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्या नावात 'हाय-कास्ट' हे दोन शब्द आहेत, उच्च जातीची हिंदू स्त्री. भारतातल्या सगळ्या बायकांच्या वतीने बोलल्याचा आव त्यांनी आणला नाही. ज्या घरांतून त्या आल्या, ज्या घरांतल्या विधवा त्यांनी पाहिल्या, त्यांच्यापुरतीच साक्ष. दान गोळा करायला निघालेल्या माणसाला दुःख मोठं करून दाखवायचा मोह किती होतो, ते संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

परतल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९. त्यात त्या देशाचं कौतुक मनापासून केलं आहे. स्त्रियांच्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, त्यांची काम करायची धडाडी, सगळं. पण गुलामी संपल्यावरही काळ्या माणसांना गोरे कसं वागवतात, तिथल्या मूळ रहिवाशांचं काय केलं, मोठमोठ्या गप्पा मारणाऱ्या त्या देशात बायकांना मत का नाही, हेही त्यात आहे. त्याच देशातल्या चर्चच्या बायका दरसाल पैसे गोळा करून पाठवणार होत्या. पुस्तक मराठीत आहे, बोस्टनला कोण वाचणार, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्यांनी आपल्या माणसांना आपल्या उपकारकर्त्यांबद्दल खरं सांगितलं. ख्रिस्ती देश म्हणजे ख्रिस्ताचं राज्य, असा समज त्यांनी मराठी वाचकाचा होऊ दिला नाही, आणि हे त्या काळी कुठल्याही मिशनऱ्याने केलं असतं का, याची मला शंका आहे.

आता शारदा सदन. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शाळा सुरू झाली. विधवा मुलींमध्ये पहिली आली ती गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झालेली आनंदीबाई. पुढच्या वर्षी शाळा पुण्याला आली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. समाजसुधारक मंडळींनी आपलं नाव पणाला लावून शाळेला उभं केलं होतं. एका ख्रिस्ती झालेल्या बाईच्या हाती ब्राह्मणांच्या विधवा मुली सोपवा, असं सांगायला त्या पुण्यात छाती लागत होती.

आणि मग १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेत बदल झाला. पुढे 'माझी साक्ष' या आत्मकथनात त्यांनीच तो सांगितला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्याचा आशय. जरा विचार करा. आठ वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्यावरून सगळ्या महाराष्ट्राने त्यांच्यावर तोफा डागलेल्या. बाजू घेणारेही होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची पाठराखण केली होती. अशा वेळी माणूस आपला निर्णय किती पक्का होता तेच सांगत राहतो. या बाई मात्र म्हणतात की त्या वेळी मला पुरतं कळलं नव्हतं. विरोधकांच्या हाती याहून मोठं हत्यार देता येत नाही. त्यांनी ते दिलं.

पण सदनाचा प्रश्न उरतोच, आणि इथे मी माझ्या त्या दोन पानांकडे येतो. 'केसरी'चं म्हणणं सरळ करून मांडायचं तर ते असं होतं. ज्या आईबापांनी मुली पाठवल्या त्यांनी निर्धास्तपणे पाठवल्या, कारण धर्मात हात घालणार नाही असा शब्द होता. शब्द देणाऱ्या बाईचा स्वतःचा विश्वास आता निखाऱ्यासारखा झाला आहे. मुली पोरवयाच्या, विधवा, घरी मान नाही, मायेला पारख्या. त्यांना जिथे पहिल्यांदा माया मिळाली त्या खोलीचं दार उघडं आहे. त्या 'आपण होऊन' आत जातात, या म्हणण्याला किती अर्थ आहे? हा प्रश्न खोटा नव्हता. तो विचारणाऱ्या पत्राचा स्त्रीशिक्षणाला एकूण विरोध होता आणि विचारण्याची भाषा विषारी होती, हेही खरं. पण विचारणाऱ्याच्या मनात खोट आहे म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. एक ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे म्हणणं भाग आहे, आणि हे म्हणताना माझ्या मनावर दगड ठेवावा लागत नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडलं आणि तसं जाहीर केलं. बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेलं. मी रानड्यांना दोष देत नाही. त्यांनी लोकांना जो भरवसा दिला होता तो आता आपल्याला देता येत नाही, असं वाटल्यावर त्यांनी तो उघडपणे परत घेतला. यालाही प्रामाणिकपणाच म्हणतात. या रानड्यांनाच तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये चहा मांडला गेला, गोपाळराव जोश्यांनी हजर असणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. कुणी कप ओठाला लावला, कुणी नुसता समोर ठेवला, यावर दोन वर्षं खल चालला. शेवटी बरोबरच्या मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि सुधारकांना ते फार लागलं. मित्रांसाठी घेतलेलं प्रायश्चित्त मला समजतं, पण पटत नाही. मनात पाप वाटत नसताना पापाची कबुली दिली, की पुढच्या खऱ्या कबुलीची किंमत उतरते. उलट रमाबाईंचं उघडं दार मला पटतं, पण सदनाला दिलेल्या शब्दाच्या चौकटीत ते बसत होतं का, याचं उत्तर मला आजही ठामपणे हो असं देता येत नाही.

रमाबाईंनी त्याचं उत्तर काळाच्या ओघात दिलं. १८९५ साली सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. बोस्टनच्या असोसिएशनने दहा वर्षं मदतीचा करार केला होता, तो १८९८ मध्ये संपला. त्यानंतर मात्र धर्मनिरपेक्षतेची भाषा रमाबाईंनी पूर्ण सोडली. केडगावचं त्यांचं मुक्ति मिशन उघडपणे ख्रिस्ती होतं, पाटीवर, पैसे मागताना, मुलगी दाखल करून घेताना. जी अट आपल्याला पाळता येत नाही तिच्यावर पैसा घ्यायचा नाही आणि मुलीही घ्यायच्या नाहीत. हा निर्णय पाच वर्षं आधी घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. घेतला, याची नोंदही व्हायला हवी.

तिसरी शेकोटी सरकारची. ही सर्वांत अवघड, कारण ख्रिस्ती झालेल्या भारतीयाला ब्रिटिश सरकारच्या उबेची सवय लवकर लागे, आणि बाकीचे लोक ती आधीच लागली आहे असं धरून चालत. १८९७. पुण्यात प्लेग. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात घुसून तपासणी करत होते. बायकांची इज्जत, देवघरं, स्वयंपाकघरं, कशाचाच मुलाहिजा नव्हता. त्या वर्षी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाई शेकडो मुली घेऊन आल्या होत्या. त्यांना पुण्यात ठेवायला मनाई झाली, म्हणून त्यांना केडगावला न्यावं लागलं. प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायका-मुलींची काय गत होते, ते त्यांनी आपल्या एका मुलीच्या बाबतीत अनुभवलं आणि मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये लिहिलं. हे ख्रिस्ती पत्र होतं. म्हणजे तक्रार 'आपल्या' लोकांच्या कानावर घातली. प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं चुकीचं ठरवलं. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी सोजिरांवर फार गंभीर आरोप केले. परतल्यावर ते सिद्ध करायला कुणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि त्यासाठी आयुष्यभर बोल ऐकले. दोघांची तुलना करून एकाला खाली ओढण्यात मला रस नाही. रमाबाईंकडे स्वतःचं पाहिलेलं होतं, म्हणून त्यांना माघार घ्यायचं कारण नव्हतं. गोखल्यांकडे ऐकलेलं होतं, आणि ते ऐकलेलंच आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी तसं म्हटलं. साक्षीचा नियम दोघांनी पाळला. त्या वर्षी पुण्यात जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली होती, सरकार पिसाळलेलं होतं. अशा काळात दोघांनी तो पाळला.

या तीन शेकोट्यांपुढे मी आमची चौथी ठेवतो, आजची. इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल.

संविधानाच्या १९५० सालच्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा गणता येत नाही, असं तो मुळात म्हणत होता. १९५६ मध्ये शिखांसाठी तो बदलला, १९९० मध्ये बौद्धांसाठी. महार किंवा मांग कुटुंबातून ख्रिस्ती झालेल्या माणसाला मात्र ती सवलत नाही. १९८५ साली सुसाई नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तसाच, तेवढाच चालू राहतो, हे दाखवून द्या. म्हणजे साक्ष द्या. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी, असं सुचवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. गेली कित्येक वर्षं आमच्या संस्था न्यायालयात, आयोगांपुढे, मोर्चात सांगत आल्या, की आमच्या चर्चमध्ये जात आहे. बसायच्या जागेत होती, काही प्रांतांत दफनभूमीत होती, लग्नात आजही आहे. हे खरं आहे. डॉ. आंबेडकरांनी ते फार पूर्वी लिहून ठेवलं होतं. मिशनऱ्यांनी धर्मांतर केलं पण धर्मांतरितांमधली जात मोडायला ते झटले नाहीत, हा त्यांचा आरोप आम्हाला लागला, आणि आम्ही तो ऐकला नाही.

आता रविवारची गोष्ट. त्याच संस्थांच्या व्यासपीठांवरून रविवारी आम्ही सांगतो, की ख्रिस्तात जात नाही. एखादा नवीन माणूस चौकशीला आला तर त्याला सांगतो, इथे सगळे सारखे. दिल्लीत एक साक्ष आणि गावात दुसरी. दिल्लीतल्या साक्षीने हक्क मिळायचा आहे, गावातल्या साक्षीने अब्रू राखायची आहे. विरोधकांना हे कळलं की ते वापरतील, म्हणून गप्प बसायचं. धर्मांतराच्या नावाने आमच्या लोकांवर हल्ले होतात तेव्हा ही भीती खरीच असते, मी ती हलकी लेखत नाही. पण या भीतीपोटी आम्ही ज्यांच्यासाठी हक्क मागतो, त्यांच्याच तोंडावर हात ठेवतो.

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात एका तहसील कचेरीसमोर आम्ही याच मागणीसाठी धरणं धरलं होतं. मला बोलायला सांगितलं. मी बोललो, आणि चांगला बोललो. पूर्वाश्रमीची जात पाहून ख्रिस्ती घरांत सोयरिकी कशा जमतात आणि मोडतात, याची उदाहरणं दिली. टाळ्या पडल्या. परतीच्या एसटीत आमच्या मंडळीतल्या एक मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. फाट्याजवळ गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "लेकरा, लई चांगलं बोल्लास. माझ्या पोरीची सोयरीक मोडली तव्हा तू कमिटीत व्हतास. तव्हा का नाही बोल्लास?"

मला ते प्रकरण पुरतं आठवत होतं. मुलाकडच्यांनी नकाराचं कारण कमिटीत उघड सांगितलं होतं. कमिटीने ते कागदावर येऊ दिलं नाही, आणि 'दोन्ही कुटुंबांच्या संमतीने' अशी नोंद केली. त्या नोंदीखाली माझी सही आहे. धरण्यावर मी जी उदाहरणं दिली त्यात हे नव्हतं. आसपासच्या मंडळ्यांमधली होती, आमच्या मंडळीतलं एकही नव्हतं. बोलताना मी ते गाळतोय हेही मला कळत नव्हतं, इतकी सवय झाली होती.

पुढच्या रविवारी मी साक्षीच्या वेळी उठलो आणि ती नोंद वाचून दाखवली, माझ्या सहीसकट. दोन कुटुंबं उठून गेली. पाळकसाहेबांनी गाणं सुरू करायला लावलं. एक कुटुंब काही महिन्यांनी परत आलं, दुसरं दुसऱ्या मंडळीत जायला लागलं. मावशी नेहमीच्या जागी बसून होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "पोरीला काय सांगू?" पोर तोवर पुण्याला कामाला लागली होती.

मी तिला पत्र लिहायचं ठरवलं. चार वेळा लिहिलं आणि मग ते घेऊन सरांकडे गेलो. सर तेव्हा थकले होते, दुपारी झोपूनच असत. त्यांनी चष्मा मागवला, पत्र वाचलं, आणि उशाचा लाल पेन घेतला. त्या वेळची परिस्थिती, मंडळीतली फूट टाळायची गरज, माझं तेव्हाचं वय, अशी तीन वाक्यं होती. ती त्यांनी एकेक करून खोडली. उरलं ते अर्ध्या पानाचं होतं. तेवढं मी पाठवलं.